चित्राच्या पाठीवरील ध्यान

सप्तशतीचा पाठ करणारा आधीं देवीचें ध्यान म्हणतो. तिचा वर्ण, आसन, हातांतील आयुधें हें सर्व मनासमोर उभें करून मगच तो चरित्राकडे वळतो. सुमारें १६६० ते १६७० च्या काळांत, हिमालयाच्या पायथ्याशीं बसोहलीच्या परिसरांत रंगविली गेलेली जी चित्रमाला आज ‘तांत्रिक देवी’ या नांवानें ओळखली जाते, तिचें मर्म या क्रमांतच आहे.

या सुट्या पानांत कथा जवळजवळ नाहींच. सपाट, गडद रंगाची पार्श्वभूमि आणि तीवर देवी, एवढाच पसारा. विशाल नेत्र, ओठांतून डोकावणारे सुळे, आणि अलंकारांत पाचूच्या जागीं चिकटविलेले भुंग्याच्या पंखांचे हिरवे, चमकणारे तुकडे! उग्रता आणि राजवैभव यांचा हा मेळ चित्रकारानें केवळ लहरीखातर घातलेला नाहीं. चित्राच्या पाठीवर संस्कृत ध्यानश्लोक लिहिलेला आहे; तोच त्याचा आधार.

याच पहाडी प्रदेशांत सुमारें शंभर वर्षांनंतर गुलेरच्या कलावंतांनीं देवीमाहात्म्य रंगविलें. तेथें रंग सौम्य आहेत, रेषा नाजूक आहे आणि युद्धप्रसंगांची रचना मोठी कुशल आहे. परंतु देवी तेथें कथेंतील एक पात्र होऊन जाते. आपण तिचा पराक्रम पाहतों. तिच्यापुढें बसत नाहीं. हातोटी गुलेरची अधिक सफाईदार हें मान्य केलें, तरी देवत्वाचा प्रत्यय बसोहलीच्या पानांतच अधिक येतो, असें आम्हांस वाटतें.

आज ही माला देशोदेशींच्या संग्रहांत विखुरली आहे. पान चौकटींत बसलें कीं श्लोक भिंतीकडे जातो. प्रेक्षक भुंग्याच्या पंखांचें कौतुक करतो आणि पुढें सरकतो. ज्या शब्दांनीं तें रूप घडविलें ते त्याच्या कानीं पडतच नाहींत. संग्रहालयांस दोष देणें उचित नव्हे. त्यांनीं जपलीं म्हणूनच हीं पानें आपल्या दृष्टीस पडतात. तथापि श्लोक आणि त्याचा अर्थ चित्राशेजारीं लावणें कांहीं अवघड नाहीं. ध्यानावांचून मूर्ति ही केवळ शोभेची वस्तु उरते. या चित्रांचें मुख कळावयाचें, तर त्यांची पाठही वाचली पाहिजे.