चार पर्यायांची चौकट : संगणकसुरक्षेच्या सराव-प्रश्नांचे एक परीक्षण

प्रश्नसंच हा ग्रंथ म्हणून क्वचितच वाचला जातो. तो सोडविला जातो आणि परीक्षा संपताच अडगळीत पडतो. महाराष्ट्रात ‘अपेक्षित’ या नावाने परिचित असलेल्या पुस्तिकांच्या वाट्याला हीच उपेक्षा आलेली आहे. तथापि ज्या विद्याशाखेतील पाठ्यपुस्तक छापून येईपर्यंत काही अंशी जुने झालेले असते, तेथे विषयासंबंधीची विद्यार्थ्याची धारणा पुष्कळदा प्रश्नसंचच घडवितो. मोठ्या संस्थांचे सर्व्हर, नेटवर्क व ॲप्लिकेशन सुरक्षित राखण्याची विद्या ही अशीच एक शाखा होय. सबब या प्रश्नसंचांचा विचार ते किती गुण मिळवून देतात एवढ्यापुरता न करता, ते विषयाला कोणते रूप देतात या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

या प्रश्नांचा साचा प्रामुख्याने प्रमाणपत्र-परीक्षांनी ठरविला आहे. ‘कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस’ या परीक्षेत ९० मिनिटांत अधिकाधिक ९० प्रश्न असतात. त्यांपैकी काही प्रत्यक्ष कृतीचे असले, तरी बहुसंख्य प्रश्न पर्यायांतून निवड करण्याचेच असतात. प्रश्नामागे सरासरी एक मिनिट, ही मर्यादा केवळ वेळेची नसून विचाराचीही आहे. एका मिनिटात वाचून होईल एवढाच प्रसंग, आणि त्यातही एकच दोष, असे बंधन त्यामुळे आपोआप पडते.

या साच्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. एक नित्याचा प्रश्न पाहावा. एका सर्व्हरवर घातक प्रणाली शिरल्याचे लक्षात आले. सर्वप्रथम काय करावे? सर्व्हर बंद करणे, तो नेटवर्कपासून विलग करणे, राखीव प्रतीवरून पूर्वस्थिती आणणे, सर्व पासवर्ड बदलणे, असे चार पर्याय दिलेले असतात. यांपैकी निखालस चुकीचा असा एकही नाही. परंतु सर्व्हर बंद केला तर त्याच्या चालू स्मृतीतील पुरावा नष्ट होतो. पूर्वस्थिती घाईने आणली तर ज्या वाटेने शत्रू आला ती वाट तशीच मोकळी राहते. म्हणून विलगीकरण प्रथम. ‘सर्वप्रथम’ या एका शब्दावर येथे सारा प्रश्न तोलला आहे आणि कृतींचा क्रम हेच ज्ञान आहे, हे तो विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवितो. चांगला प्रश्न तो, की ज्याचे चारही पर्याय कोणत्या ना कोणत्या वेळी योग्य ठरतात.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची मात्र संचांत रेलचेल आढळते. नाव लिहिण्याच्या चौकटीत एकेरी अवतरणचिन्ह टाकताच संकेतस्थळ ग्राहकांची सगळी यादी दाखविते, उपाय कोणता? येथे अवतरणचिन्हाचा उल्लेख होताच उत्तर उघड होते. डेटाबेसला द्यावयाची आज्ञा व वापरकर्त्याने भरलेला मजकूर वेगळे ठेवावेत, हे उत्तर बरोबरच आहे. परंतु रोगाचे निदान प्रश्नकर्त्याने आधीच करून ठेवले आहे. विद्यार्थ्याकडे उरते ते औषधाचे नाव आठवणे. व्यवहारात धोका असा नाव धारण करून येत नाही. त्याला ओळखणे हेच तर या विद्येचे मुख्य कार्य होय.

याहून गंभीर दोष विभागणीचा आहे. सर्व्हरचे प्रश्न एका प्रकरणात, नेटवर्कचे दुसऱ्यात, ॲप्लिकेशनचे तिसऱ्यात, अशी मांडणी अध्यापनास सोयीची असली, तरी आक्रमण करणारा ती पाळीत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ साली झालेला हल्ला हे याचे ठळक उदाहरण होय. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता. त्या दिवशी सुमारे ८० कोटी रुपये एटीएममधून काढले गेले. त्यांपैकी बहुतांश रक्कम २८ परदेशांत बनावट कार्डांनी उचलली गेली. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमार्फत आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटींहून अधिक झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

या घटनेचे मर्म रकमेत नसून मार्गात आहे. एटीएमवरील मागणी एका ‘स्विच’मधून बँकेच्या मूळ खातेप्रणालीकडे जाते व तेथील संमती घेऊन परतते. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला खोटा स्विच उभा केला. तोच मागण्यांना परस्पर मंजुरी देत राहिला आणि खातेप्रणालीला त्यांची वार्ताच लागली नाही. खातेदारांच्या शिलका जशाच्या तशा राहिल्या आणि पैसा मात्र गेला. खातेप्रणाली अभंग होती काय, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच येते. आणि ते उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. दोष दोन यंत्रणांमधील विश्वासाच्या जागी होता, आणि त्या जागेसाठी प्रश्नसंचात प्रकरणच नसते.

खानदेशाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधारा आणि शेत यांच्याइतकाच पाटही महत्त्वाचा मानला गेला. पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमला जाई आणि पाटाची डागडुजी सर्व शेतकऱ्यांचे सामाईक कर्तव्य समजली जाई. बंधारा शाबूत व शेत शाबूत, म्हणून पाणी पोहोचलेच, असा भाबडा निष्कर्ष त्या व्यवस्थेने कधी काढला नाही.

शिरपूरसारख्या ठिकाणी या चर्चेला प्रत्यक्ष महत्त्व आहे. येथे अभियांत्रिकीचे शिक्षण आणि सहकारी संस्थांचा व्यवहार एकाच गावात नांदतात. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट व ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची विस्तृत चौकट घालून दिली. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची वर्दी ६ तासांत देणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. हे दायित्व तालुक्याच्या गावी पार पाडणारा तरुण बहुधा याच प्रश्नसंचांवर तयार झालेला असतो. त्या ६ तासांत त्याच्यापुढे चार पर्याय नसतात. कोणती नोंद कोणत्या नोंदीशी ताडून पाहावी, हे त्यालाच ठरवावे लागते.

म्हणून विभागांनी आपले सराव-प्रश्न स्वतः रचावेत, हे उचित होय. ‘कार्डकंपनीच्या हिशेबात शेकडो मंजुऱ्या दिसतात, खातेप्रणालीत त्यांचा मागमूस नाही, दोष कोठे असण्याचा संभव आहे, तो कोणत्या नोंदींवरून सिद्ध कराल, आणि सुटीच्या दिवशी प्रथम कोणाला कळवाल?’ असा प्रश्न अक्षरावर खूण करून सुटत नाही. त्याला सलग गद्य उत्तर लागते. ते तपासणे शिक्षकाला कष्टाचे आहे आणि यंत्राला सोपवावे असे नाही. पर्यायी प्रश्न परिभाषेच्या व क्रमाच्या सरावापुरते ठेवावेत; निदानाची परीक्षा त्यांच्यावर सोपवू नये. रूढ संचांचा मोठा उणेपणा त्यांतील चुकीच्या उत्तरांत नाही. जे विचारावयास हवे होते ते त्यांत विचारलेलेच नसते, यात तो आहे.