तुरुंगाला भूत एकच?

अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातला जुना तुरुंग १९३९ मध्ये बंद पडला आणि नंतर कित्येक दशकं ओस होता. त्याच्या भुताच्या गोष्टी मी यूट्यूबवर रात्री जागून ऐकल्यात. बहुतेकींची नायिका एकच, लव्हिनिया फिशर. नवऱ्यासोबत शहराबाहेर मुसाफिरखाना चालवायची, एकट्या वाटसरूला विषारी चहा पाजायची, मग पलंगाखालचा दरवाजा उघडायचा आणि माणूस थेट तळघरात. फाशी जाताना म्हणे तिने लग्नाचा झगा घातला होता. आता तोच घालून ती कोठड्यांमधून फिरते.

गोष्ट झकास आहे. आपल्या हडळीची चुलत बहीणच. प्रत्यक्षात १८ फेब्रुवारी १८२० ला तिला नवऱ्यासकट फाशी झाली ती वाटमारीसाठी. खून सिद्ध झालाच नव्हता. ते ठीक. भुताच्या गोष्टीत पुरावे मागणाऱ्याने ऐकायला बसूच नये. मला खटकतं ते हे, की एवढ्या मोठ्या तुरुंगाला ही एकच गोरी बाई पुरते कशी?

१८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी आणि साथीदारांवर गुलामांच्या उठावाचा कट रचल्याचा आरोप आला, ३५ जण फासावर गेले. त्याच वर्षी कायदा झाला: बंदरात आलेल्या जहाजावरच्या स्वतंत्र काळ्या खलाशांना जहाज सुटेपर्यंत तुरुंगात ठेवायचं. खर्च कप्तानाचा. त्याने तो भरला नाही, तर खलाशाला गुलाम म्हणून विकायचं. तुरुंगाशेजारीच वर्क हाउस होतं. तिथे मालक पैसे मोजून आपल्या गुलामांना फटके मारून घेत (आमच्या आयटीच्या भाषेत, आउटसोर्सिंग).

या माणसांची भुतं गोष्टींत क्वचितच भेटतात, आणि त्याचं कारण मला गोष्टीच्या रचनेतच दिसतं. लव्हिनियाच्या गोष्टीत ऐकणारा आपोआप त्या बिचाऱ्या वाटसरूच्या जागी बसतो. दुष्ट ती, निष्पाप आपण. त्यामुळे घाबरायला मजा येते. खलाशाने काहीच केलेलं नाही. त्याच्या गोष्टीत दुष्ट म्हणून उरतं ते शहर, त्याचा कायदा, हिशेबाची वही. तिकीट काढून आलेल्या पाहुण्याला हे सांगणं अवघड जात असावं.

पण खरी भीती तिथेच आहे. कोठडीतला खलाशी बाहेरचा कानोसा घेतोय. जहाज सुटायची वेळ झालीय, आणि कप्तानाने पैसे भरलेत की नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.