कठडा : अलंकार की सामाजिक अवकाश? (मुंबईतील सज्जांचा चिकित्सक विचार)

प्रास्ताविक :
वास्तुविषयक लेखनात सज्जा व त्याचा कठडा यांची नोंद बहुधा 'शोभा' या सदराखाली होते. नक्षी, धातू, कालखंड यांचे वर्णन होते. कठड्याला टेकून उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार मात्र मागे पडतो. कठडा ही घर आणि रस्ता यांमधील सीमा आहे. तो पडण्यापासून रक्षण करतो, परंतु पाहण्या-बोलण्यास अडवीत नाही. या दुहेरी कार्याच्या निकषावर मुंबईतील सज्जांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ओतीव लोखंड आणि चाळीची गॅलरी :
काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेल (आजचे एस्प्लनेड मॅन्शन) 1860 च्या दशकात उभे राहिले. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून मुंबईत जोडण्यात आला. या इमारतीचे सज्जे हे तिचे दर्शनी वैभव होय. तथापि, ते निवडक पाहुण्यांसाठी होते. 2005 मध्ये सज्जांचा काही भाग कोसळला, तेव्हा केवळ नक्षीच्या कौतुकाने वास्तू टिकत नाही, हे स्पष्ट झाले.

याउलट गिरगावातील चाळींची लाकडी गॅलरी दिसण्यास साधी. पण ती एकाच वेळी येण्याजाण्याची वाट, कपडे वाळवण्याची जागा आणि शेजाऱ्यांची बैठक होती. खोली लहान असल्याने संसाराचा काही भाग कठड्यापाशीच चाले. पुढे 1920 च्या दशकातील बीडीडी चाळींत खोल्यांची दारे इमारतीच्या आतल्या बोळात उघडली. शेजार टिकला, पण दाराबाहेर पाऊल टाकताच दिसणारा रस्ता नाहीसा झाला. कठडा गेला की काय जाते, याचे हे उदाहरण होय.

आर्ट डेको आणि बंदिस्त सज्जा :
1930 च्या दशकात प्रबलित काँक्रीटमुळे ब्रॅकेटच्या आधाराविना सज्जा पुढे काढणे सुलभ झाले. मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाच्या कडेच्या इमारतींना वळणदार सज्जे लाभले. आर्ट डेको शैलीच्या लोखंडी कामात लाटा, उगवता सूर्य अशी रूपे आली. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मात्र शहरात इतरत्र असंख्य सज्जे काचा व जाळ्या लावून बंद झाले आहेत. यास रुचीची घसरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. हा जागेच्या टंचाईचा परिणाम आहे आणि नियमांनीही त्यास हातभार लावला आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंत सज्जा चटई क्षेत्र निर्देशांकाबाहेर होता आणि अधिमूल्य भरून तो बंदिस्त करता येत असे. त्यामुळे सज्जा हा भविष्यातील खोलीचा तुकडा ठरला. 2012 च्या दुरुस्तीने तो निर्देशांकात मोजला जाऊ लागला. परिणामी मोकळा सज्जा ठेवण्याचे आर्थिक कारण उरले नाही.

समारोप :
यावरून असे दिसते की, कठड्याचे स्वरूप केवळ कारागिराच्या वा वास्तुविशारदाच्या प्रतिभेने ठरत नाही. जमिनीची किंमत आणि नियमांची भाषाही ते घडवतात. म्हणूनच सज्जाची समीक्षा नक्षीपाशी थांबू नये. जतनाच्या कार्यातही लोखंडी वेलबुट्टीइतकेच त्यामागील मोकळ्या जागेला मोल द्यावे लागेल. कारण बंद काचेमागे टिकलेला कठडा हा अलंकार म्हणून शिल्लक राहतो. शेजार मात्र शिल्लक राहत नाही.