'लाभार्थी' या शब्दाविषयीं

परकीय अर्थसाहाय्य आणि ग्रामविकास यांवर तज्ज्ञांच्या ज्या बैठकी व परिसंवाद भरतात, त्यांचीं इतिवृत्तें वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. आम्हीं गेले कांहीं दिवस तीं तशीं वाचलीं. वाङ्मयीन मासिकाला हा नसता उद्योग कशाला, असें वाचक विचारतील. परंतु परिसंवादांतली मराठी पुढें शासननिर्णयांत उतरते, तेथून अर्जाच्या नमुन्यांत येते, आणि अखेर शेतकऱ्याला स्वतःविषयीं कचेरींत बोलावयास तेवढेच शब्द उरतात. कादंबरीची भाषा बिघडली तर वाचक पुस्तक मिटूं शकतो. येथें ती सोय नाहीं.

परभणी जिल्ह्याला अशा बैठकी नव्या नाहींत. १८ मे १९७२ रोजीं येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून तें वसंतराव नाईकांच्या नांवानें ओळखलें जातें. जागतिक बँकेच्या पैशाची जोड असलेल्या एका शिक्षणप्रकल्पांतून शेतींत ड्रोन व यंत्रमानव कसे वापरावेत याचें केंद्रहि येथें निघालें. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प २०१८ सालीं याच बँकेच्या ४२ कोटी डॉलरांच्या कर्जावर सुरू झाला. पहिल्या टप्प्यांतील १५ जिल्ह्यांत परभणी होती. या सर्व व्यवहारांत एक शब्द सर्वत्र आढळतो. तो म्हणजे 'लाभार्थी'.

शब्द दिसावयास सोज्वळ आहे. 'विद्यार्थी', 'मोक्षार्थी' यांच्या पंक्तीला तो बसविलेला आहे. पण विद्येची इच्छा धरणारा रात्र रात्र जागतो, मोक्षाची इच्छा धरणारा संसार सोडतो. लाभाची इच्छा धरणारा करतो काय? तो यादींत नांव लागण्याची वाट पाहतो. इंग्रजींतल्या मूळ शब्दांत निदान याचना नव्हती, ज्याचें भलें झालें तो, एवढाच अर्थ होता. आम्हीं भाषांतर करतांना त्याच्या हातीं झोळी दिली. जो भल्या पहाटे काळ्या रानांत औत धरतो तो परिसंवादाच्या दारांत येतांच अर्थी, म्हणजे मागणारा, होतो. आणि त्याच रानांत दिवसभर खुरपणारी त्याची बायको, सातबाऱ्यावर नांव नसल्यामुळें, पुष्कळ योजनांत मागणारीहि होऊं शकत नाहीं.

दुसरा शब्द मिळण्यासारखा नव्हता, असें मात्र नाहीं. विद्यापीठाच्या स्थापनेचें वर्ष तेंच महादुष्काळाचें वर्ष होतें. त्या काळीं परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मराठवाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत अजून आहे, आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडीहि आहे. ज्या मुलखाची भाकरी पांढऱ्या ज्वारीची, त्याला ही तांबडी भाकर गिळावी लागली. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लाख माणसें खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या, नालाबांधांच्या कामांवर होतीं. ह्याच अनुभवांतून रोजगार हमी योजना मोठी झाली. तिची कल्पना कोणत्याहि परकीय तज्ज्ञांच्या बैठकींत निघाली नव्हती. तिचे जनक वि. स. पागे, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतला. पैसाहि बव्हंशीं घरचा, शहरांतल्या नोकरदारांच्या व्यवसायकरांतून आलेला. १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं साऱ्या देशानें तसा कायदा केला.

आम्हांस येथें 'हमी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. लाभ देणारा मोठा होतो. हमी देणारा बांधला जातो. जामीन राहिलेल्या माणसाची झोप कशी उडते हें आमच्या खेड्यांत कोणाला सांगावें लागत नाहीं. ह्या कायद्यांत मजूर काम मागतो, आणि पंधरा दिवसांत तें मिळालें नाहीं तर सरकार बेकारभत्ता देणें लागतें. प्रत्यक्षांत भत्ता क्वचितच हातीं पडला असेल. तरी भांडावयास शब्द होता. 'लाभार्थी' म्हणून कोणाला भांडतां येतें? आर्जव तेवढें करतां येतें.

इतिवृत्तांचें व्याकरणहि ह्याच वळणाचें आहे. 'प्रशिक्षण देण्यांत येईल', 'क्षमताबांधणी करण्यांत येईल'. करणारा कोण, तें शेवटच्या पानापर्यंत कळत नाहीं. आणि फेडावयाच्या कर्जावर चाललेल्या प्रकल्पाला 'बँक-साहाय्यित' म्हणावें, हा तर अलंकारशास्त्रालाहि नवा अलंकार. परभणीच्या मोंढ्यांत आडत्याकडून उचल घेतलेल्या माणसाला आपण साहाय्यित झालों असें कधीं वाटलें नसेल.

तज्ज्ञांना मराठी येत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ह्याच विद्यापीठानें रब्बी ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' हें नांव दिलें. शेतकरी दुकानांत तें नांव सांगून बियाणें मागतो. संजीवनी प्रकल्पांतहि गांवोगांव 'पाण्याचा ताळेबंद' मांडण्याची पद्धत आली. पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांनीं उचलला किती, हें त्या एका शब्दांत कोणताहि किराणा दुकानदार समजून घेईल. शिवाय हा ताळेबंद गांवकऱ्यांनीं बसून मांडावयाचा, म्हणजे येथें माणूस पुन्हा कर्ता झाला. एवढ्या एका शब्दासाठीं आम्हीं त्या प्रकल्पाचीं पुष्कळ रुक्ष पानें क्षम्य मानलीं.

१९४४ च्या जुलैमध्यें ब्रेटन वुड्स येथें जागतिक बँकेचा पाया घातला गेला, तेव्हां हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत चिंतामणराव देशमुख होते. मेघदूत मराठींत आणणारा रसिक त्या मेजाशीं बसला होता, हें आमच्या परिसंवादकारांना ठाऊक असावें. आतां ज्या गांवांनीं पाण्याचा ताळेबंद मांडला, त्यांच्यापुढें ४२ कोटी डॉलरांचाहि ठेवावा. ते कर्ज कोणत्या बाजूस लिहितात, तें इतिवृत्तांत जसेंच्या तसें आलेलें आम्हांस वाचावयाचें आहे.