वनस्पतिग्रंथांतील सरहद्द : हुमनाबादच्या निमित्ताने

एखाद्या प्रदेशात उगवणाऱ्या यच्चयावत् वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्या ग्रंथास इंग्रजीत 'फ्लोरा' म्हणतात. शब्द मूळचा रोमन लोकांच्या पुष्पदेवतेचा. लिनिअसने १७३७ साली लॅपलंडच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथास तो दिला आणि पुढे शास्त्रज्ञांच्या व्यवहारात तो स्थिर झाला. मराठी परिभाषेत त्यासाठी 'पादपजात' हा प्रतिशब्द योजलेला आहे. आम्ही येथे 'वनस्पतिग्रंथ' असे साधे नाव वापरतो. साहित्याच्या नियतकालिकात अशा ग्रंथांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु वनस्पतिग्रंथ हीदेखील एक रचना आहे. तिला आराखडा असतो, भाषा असते, आवडीनिवडी असतात, आणि मुख्य म्हणजे तिला मर्यादा घालून घ्यावी लागते. ही मर्यादा ग्रंथकार कोठे व कोणत्या आधाराने घालतो, हा टीकेचा विषय होऊ शकतो. हुमनाबादसारख्या सरहद्दीवरील गावी उभे राहून पाहिले, की तो टाळताच येत नाही.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याची थोरवी आजही कमी झालेली नाही. सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख त्यात आला. सोलापूर आले, विजापूर आले, धारवाड-बेळगाव आले. दक्षिणेकडे गँबल यांनी मद्रास इलाख्याचा ग्रंथ १९१५ मध्ये सुरू केला. फिशर यांनी तो १९३६ मध्ये पुरा केला. या दोन भव्य इमारतींच्या मध्ये जी मोकळी जागा राहिली, ते निजामाचे राज्य. आणि हुमनाबाद त्या मोकळ्या जागेत पडले. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील वनांवर ग्रंथ लिहिला हे खरे. पण त्याची दृष्टी वनखात्याची. लाकूड देणारा वृक्ष तीत मोठा दिसतो आणि बांधावरचे गवत दिसतच नाही. सोलापूरचे माळरान आणि हुमनाबादचे माळरान यांत निसर्गाने कोठे कुंपण घातलेले नाही. कुकने लेखणी थांबवली ती गव्हर्नरची हद्द संपली म्हणून, वनस्पती संपल्या म्हणून नव्हे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात गेले; जहिराबाद, नारायणखेड आंध्रात; बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी लातूर जिल्हा वेगळा व्हायचा होता. तो १९८२ मध्ये झाला. अर्थात तेव्हाच्या उस्मानाबादेत उदगीर-निलंगाही होते. म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीपर्यंत जो जिल्हा एक होता, त्याचा एक तुकडा या ग्रंथाच्या कक्षेत आला आणि दुसरा उंबरठ्यावरच राहिला. पुढे १९९८ मध्ये नाईक यांचा संपूर्ण मराठवाड्याचा द्विखंडात्मक ग्रंथ आला, तरी हा उंबरठा हलला नाही. दक्षिणेकडून सीताराम व त्यांच्या सहकाऱ्यांचा गुलबर्गा जिल्ह्याचा ग्रंथ २००० साली निघाला. तोही आपल्या जिल्ह्याची हद्द पाळतो. पुणे-हैदराबाद रस्त्याने उमरगा ओलांडून हुमनाबादेकडे येणाऱ्या प्रवाशास तरवडाची पिवळी रांग मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

नाईक यांच्या कार्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. मराठवाड्याचा कोरडा, दुर्लक्षित प्रदेश अशा अभ्यासास पात्र आहे, हे त्यांनी दाखवून दिले. सह्याद्रीच्या हिरव्या मोहिनीपुढे ते सोपे नव्हते. जिल्हा हे परिमाण निवडण्यातही व्यवहार आहे. एका माणसाच्या पायांना झेपेल एवढाच तो प्रदेश असतो, आणि काही वर्षांत काम पुरे होते. आमचा आक्षेप सोयीला नाही. सोयीची रेषा ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चढली, की वाचक तिला निसर्गाची रेषा समजू लागतो, याला आहे.

या समजुतीला खतपाणी घालणारा एक शब्द आपल्याकडे आहे : 'प्रदेशनिष्ठ'. जी जाती ठरावीक प्रदेशातच आढळते आणि अन्यत्र कोठेही नाही, तिला हे विशेषण लावतात. पाश्चात्त्य शास्त्रातील मूळ शब्द वैद्यकातून आला. एखाद्या ठिकाणी ठाण मांडून बसलेल्या रोगास तो लावीत, आणि द कांदोल यांनी १८२० मध्ये तो वनस्पतींकडे आणला. संस्कृतातील 'निष्ठ'चा अर्थही 'त्या ठायी असणारा' एवढाच. पण आजच्या मराठी कानाला त्यात निष्ठा ऐकू येते. एकनिष्ठ, स्वामिनिष्ठ यांच्या पंक्तीला तो शब्द जाऊन बसतो. मग झाड जणू मातीशी इमान राखणारे ठरते, आणि दोन राज्यांत वाढणारे झाड काहीसे बेइमान! परिभाषाकारांना हे अभिप्रेत नव्हते. शब्दाने मात्र आपले काम केले आहे. ज्या प्रदेशात प्रदेशनिष्ठ जाती अधिक तो श्रीमंत, जेथे कमी तो दरिद्री, अशी प्रतवारी आपण नकळत करू लागलो आहोत.

साताऱ्याजवळचे कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे. बीदर-हुमनाबादकडील पठारावरही जांभाच पसरला आहे. बीदरची जुनी भुयारी पाणीव्यवस्था याच दगडात खोदलेली. कासला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस मिळतो, पावसाळ्यात खडकावर फुलांचे गालिचे पडतात, आणि पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. बीदरकडे पाऊस साडेआठशे मिलिमीटरांच्या आसपास. येथे तोच दगड निराळी वनस्पती धरतो : तरवड, बोर, टेंबुर्णी, पळस, मोकळ्या जागी कुसळीचे गवत, आणि जांभा संपून काळी जमीन लागली की बाभूळ. यांतली बहुतेक झाडे निम्म्या हिंदुस्थानात भेटतात. म्हणून काय या दगडाविषयी सांगण्याजोगे काही नाही? जातींची यादी सामान्य असली, तरी त्या कोणत्या जमिनीवर, कोणाच्या शेजाराने, कोणत्या उतारावर राहतात, हा शेजार सामान्य नसतो. वनस्पतींचे समूह म्हणतात ते हेच. एकेक शब्द कोशात मिळतो म्हणून वाक्य कोशात मिळत नाही.

शिवाय 'अन्यत्र कोठेही नाही' हा निर्णय वाटतो तितका अढळ नसतो. शिवनेरी-पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी घ्या. १८६० च्या दशकात डालझेल यांनी तिच्यासाठी स्वतंत्र वंशच स्थापला आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला दिले. एका वंशाची एकच जाती, तीही फक्त सह्याद्रीच्या परिसरात, असा तिचा लौकिक झाला. पुढच्या वर्गीकरणकारांनी तो वंश मोडून तिला निरनिराळ्या वंशांत हलवले. कड्यावरचे झुडूप तेथेच आहे. बदलला तो ग्रंथ. दुर्मीळ जातीचे रक्षण व्हावे याविषयी दुमत नाही, परंतु दुर्मीळतेलाच गुणवत्तेची कसोटी मानणे ही टीकाशास्त्रातही जुनी चूक आहे. अपूर्व शब्द वापरतो तोच मोठा कवी, असे आपण काव्याबाबत म्हणत नाही.

आता भाषेचा प्रश्न. आम्हांस सर्वांत अधिक जाचतो तो हाच. कुकच्या ग्रंथात देशी नावे दिलेली आहेत, पण ते नाव कोणत्या तालुक्यात, कोणाच्या तोंडून ऐकले, हे क्वचितच कळते. तरी नाव निदान छापले गेले. महाराष्ट्राचा ग्रंथकार मराठी नावे टिपतो आणि सरहद्दीवर थांबतो. कर्नाटकाच्या ग्रंथात कन्नड नावाला पहिला मान मिळावा हे न्याय्यच आहे. पण मग हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण येथील मराठी शेतकऱ्याने वापरलेले नाव कोणी टिपायचे? त्या नावाला दोन्हीकडे जागा नाही. तरवडाला कन्नडात आवरिके म्हणतात, तंगडी असेही म्हणतात (मराठी मुलांना याचे हसू येणारच), आणि तेलुगूत तंगेडु. तेलंगणात बतुकम्माच्या सणाला याच फुलांचे थर रचतात. त्या राज्याने त्याला राज्यपुष्पही केले आहे. पळसाला मुत्तुग आणि मोदुगु. कडुनिंबाला बेवु आणि वेप. हुमनाबादच्या बाजारात माणिकप्रभूंच्या यात्रेला येणारे लोक या तिन्ही भाषांतले असतात, आणि स्वतः प्रभूंची पदेही एका भाषेत मावलेली नाहीत. अशा ठिकाणी एका झाडाचे एकच 'स्थानिक नाव' छापणे म्हणजे स्थानाविषयी काहीच न सांगणे होय.

हे काम होऊ शकते, याचा पुरावा मराठीतच आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) जन्माने सोलापूरचे. आयुष्य विदर्भातील जंगलांत गेले. वनवासी लोकांच्या तोंडची झाडांची, पक्ष्यांची नावे त्यांनी ज्या आस्थेने मराठीत आणली, तिला तोड नाही. त्यांच्या जन्मगावापासून पूर्वेकडे पसरलेल्या या कोरड्या माळाला मात्र तसा लेखक लाभलेला नाही. आमच्या ललित लेखनालाही झाड म्हटले की कोकण किंवा दाट अरण्यच आठवते, ही तक्रार येथे नोंदवून पुढे जातो.

हुमनाबादच्या दक्षिणेला चिंचोली आहे. हा कलबुर्गी जिल्ह्यातील तालुका. तेथील कोरड्या प्रदेशाचे वन अभयारण्य म्हणून राखलेले आहे. या नावाची गावे महाराष्ट्रात किती तरी आहेत, आणि नाव चिंचेवरून पडलेले दिसते. कन्नडात चिंचेला हुणसे म्हणतात. म्हणजे कन्नड जिल्ह्यातील तालुक्याने मराठी झाड कपाळावर धारण केले आहे. आणि ते झाड तरी कोठले? अरबांनी त्याला 'हिंदचा खजूर' म्हटले, लिनिअसने त्याच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' घातले. शास्त्रज्ञ त्याचे मूळ उष्ण आफ्रिकेत मानतात. सीताफळाला तर आपण सीतेचे नाव दिले, आणि ते अमेरिकेहून आलेले. मूळस्थानाची कसोटी कठोरपणे लावायची, तर गावाच्या वेशीवरची निम्मी सावली परकी ठरेल. ग्रंथकाराने मूळस्थान सांगावे, अवश्य सांगावे. पण ते झाड गावात किती खोल रुजले हे सांगणाऱ्या गोष्टी, म्हणजे गावाचे नाव, सण, आजीबाईचे औषध, याही नोंदीतच याव्यात. अमावास्येच्या दिवशी रानात कडब्याची कोप घालून भज्जी-आंबील खाण्याची येळवस लातूर-उस्मानाबादेकडे होते, तशीच बीदर-कलबुर्गीकडेही होते. त्या भज्जीत कोणत्या शेंगा, कोणत्या भाज्या पडतात, याची तालुकावार यादी कोणी केली, तर तीही एक वनस्पतिनोंदच होईल.

ओसाड माळावर अलीकडच्या काळात सर्वांवर मात केली आहे ती प्रोसोपिस या अमेरिकन काटेरी झाडाने. ते स्थानिक वनस्पतींना हुसकावून लावते, आणि कोणताही वनस्पतिग्रंथ त्याला आपले म्हणणार नाही. पण लोकांनी त्याला बिननावाचे ठेवलेले नाही. मराठीत ती वेडी बाभूळ. कन्नडात बळ्ळारी जाली, म्हणजे बळ्ळारीची बाभूळ. तेलुगूत सर्कार तुम्म, म्हणजे सरकारी बाभूळ. एकाने तिचा स्वभाव पाहिला, दुसऱ्याने ती कोणत्या दिशेने आली ते, तिसऱ्याने ती कोणी लावली ते. हुमनाबादच्या शाळेतील शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांना घरी या झाडाला काय म्हणतात एवढे विचारले, तरी ही तिन्ही नावे, आणि कदाचित दखनीतील चौथेही, एकाच फळ्यावर येतील.