हलणारी अक्षरं, तुटणारी शिरोरेषा

भाचीच्या साखरपुड्याची पत्रिका मोबाइलवरच करायची असं ठरलं आणि ते काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. पत्रिका बनवून देणारं एक ॲप घेतलं, गणपतीचं चित्र निवडलं, नावं मराठीत टाइप केली आणि त्यांना ‘एकेक अक्षर उडत येईल’ असा इफेक्ट लावला. भाचीचं श्रद्धा हे नाव पडद्यावर आलं ते असं: आधी पाय मोडलेला श्, मग सुटा र, मग द्, शेवटी धा. चारही तुकडे आपापल्या जागी येऊन थांबले, पण एकमेकांना जोडले गेलेच नाहीत. ताई शेजारीच बसली होती. म्हणाली, “अरे, हे कुणाचं नाव आहे?”

मोबाइलच्या पडद्यावर मजकुराला सावली देणं, कड काढणं, चमक फिरवणं, तो हलवणं ही आता एक स्वतंत्र कला झाली आहे आणि तिला जवळपास दोन दशकांचा इतिहास आहे. २००७च्या पहिल्या आयफोनवर कुलूप उघडण्याच्या सूचनेवरून डावीकडून उजवीकडे एक उजेडाची झुळूक जायची. बोट कुठल्या दिशेने सरकवायचं हे ती झुळूकच सांगायची, त्यामुळे तो इफेक्ट मला आजही या कलेतल्या उत्तम कामांपैकी एक वाटतो. त्यानंतरची काही वर्षं बटणावरची अक्षरं कोरल्यासारखी दिसत, कारण त्यांच्याखाली एका पिक्सेलची फिकट कड असे. २०१३ साली आयफोनच्या आयओएस ७ने ही सगळी नक्षी पुसून टाकली. पुढच्या वर्षी गूगलचं मटेरियल डिझाइन आलं आणि सपाट, स्वच्छ अक्षर हाच शिष्टाचार झाला. आता लंबक परत फिरला आहे. २०२४पासून ॲपलच्या मेसेजमध्ये शब्द थरथरतात, फुटतात, मान डोलावतात. २०२५च्या ‘लिक्विड ग्लास’ या ॲपलच्या नव्या रूपात तर मजकूर काचेवर तरंगतो. त्या काचेतून वाचता येत नाही अशी ओरड झाली आणि काच गडद करण्याची सोय नंतर द्यावी लागली.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: अक्षर सुटं असतं. रोमन लिपीतलं अक्षर तळरेषेवर एकटं उभं राहतं. त्याला उचला, फिरवा, शेजाऱ्यापासून लांब ठेवा, शब्द शाबूत राहतो. मराठी शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो, वलणीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. त्याची पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते पण उच्चारली जाते नंतर. रफार लिहिताना आधी येतो आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अशा शब्दावर सुट्या अक्षरांसाठी घडवलेला इफेक्ट जसाच्या तसा चढवला की काय होतं, ते आपण रोज पाहतो आणि ‘मराठीत असंच दिसतं’ म्हणून सोडून देतो. माझी तक्रार या सोडून देण्याबद्दल आहे.

आउटलाइनचंच पाहा. पांढऱ्या अक्षराला काळी कड लावली की फोटोवरचा मजकूर उठून दिसतो, म्हणून स्टेटस आणि रील बनवणाऱ्या ॲप्सचा हा लाडका इफेक्ट. देवनागरी फॉन्ट घडवणारा कारागीर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसवून ठेवतो, म्हणजे मध्ये फट राहत नाही. साध्या काळ्या मजकुरात हे जोड कधीच दिसत नाहीत. ॲपने प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड काढली की मात्र ते सगळे उघडे पडतात. ‘शुभेच्छा’ लिहा: शिरोरेषेवर दर अक्षरागणिक एक उभी काळी चीर दिसेल, जणू फुटलेली रेघ डिंकाने चिकटवली आहे. रंग अर्धपारदर्शक केला तरी पुष्कळदा तेच होतं. दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे रंग दुप्पट गडद होतो आणि शिरोरेषेवर ठिपके उमटतात.

याचा उपाय अवघड नाही, म्हणून जास्त चीड येते. आधी जाड कड काढायची आणि तिच्यावर तोच शब्द भरीव रंगात काढायचा. कडेचा आतला अर्धा भाग आणि सगळे जोड त्या रंगाखाली जातात, बाहेरची स्वच्छ रेघ तेवढी उरते. पारदर्शक मजकूर हवा असेल तर शब्द आधी पूर्ण गडद काढायचा आणि मग तो थर अख्खा फिका करायचा. अँड्रॉइड, आयओएस आणि ॲप बनवण्याचं फ्लटर हे साधन, तिन्हीकडे हे करता येतं. फक्त कुणीतरी मराठी शब्द टाकून पडद्याकडे नीट पाहावं लागतं.

सावलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथे अर्थ बदलतो. घ आणि ध, म आणि भ यांच्यात फरक किती? शिरोरेषेतली एक छोटी फट आणि एखादी गाठ. लहान आकाराच्या मजकुराला पसरट, धूसर सावली दिली की ती आधी नेमकी ही फट भरून काढते. ‘धर’चं ‘घर’ होतं, ‘भात’ची ‘मात’ होते. बोल्ड फॉन्ट हाताशी नसताना फोनने स्वतःच अक्षर फुगवलं की गाठी बुजतात, त्यात सावली आली की उरलंसुरलंही जातं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक असावा, हा वेबवरच्या सुगम्यतेचा मान्य दंडक आहे. मराठी मजकुराला तेवढ्यावर थांबता येत नाही. फट उघडी आहे ना, हेही पाहायला हवं.

आता एकेक अक्षर उमटण्याचा इफेक्ट, ज्याने माझी पत्रिका बिघडवली. ‘सूर्य’ टाइप होताना पाहा: सू, मग सूर, मग सूर्, मग एकदम सूर्य. र खाली उभा होता, तो उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसला. ‘स्थिती’मध्ये पाय मोडलेला स् दिसतो, मग स्थ होतो आणि मग वेलांटी दोघांच्या मागून येऊन पुढे बसते. वाचणाऱ्याचा डोळा दर वेळी अडखळतो. यामागे मोजणीचा घोळ आहे. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं. संगणकाच्या साठवणीत ती सहा चिन्हं आहेत आणि युनिकोड या संगणकीय लिपी-मानकाच्या जुन्या नियमाने तीन तुकडे. २०२३च्या युनिकोड १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींसाठी हा नियम सुधारला आणि जोडाक्षर अखंड धरलं जाऊ लागलं. नव्या नियमाने श्रद्धाचे दोनच भाग होतात, श्र आणि द्धा. पण जुनीच मोजणी वापरणारी ॲप्स अजून आहेत. शिवाय नव्या मोजणीनेही शिरोरेषा वाचत नाही. श्र आणि द्धा वेगवेगळे उड्या मारायला लागले की मधली रेघ तुटणारच.

अक्षरांमधलं अंतर वाढवणं आणि खोटं तिरपं वळण देणं, या दोन्हींवर फार बोलण्यासारखं नाही. पहिल्याने शिरोरेषेचे तुकडे होतात, दुसऱ्याला देवनागरीत परंपरा नाही. दोन्ही टाळावीत.

मराठीला अक्षराच्या नटण्याचं वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. गावोगावच्या पेंटरांनी दुकानांच्या पाट्यांवर, ट्रकच्या फाळक्यांवर शेड मारली, तेव्हा ती अख्ख्या शब्दाला मारली. शिरोरेषा त्यांच्यासाठी छपरासारखी होती आणि सावली छपराखालून उतरायची. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा. काळ्यापांढऱ्या छपाईच्या चिमुकल्या जागेत नाटकाचा स्वभाव त्या नावातच उतरायचा आणि त्यासाठी ते अक्षराची मोडतोड करायलाही कचरत नसत. मात्र कुठे मोडायचं आणि कुठे जोडायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक असायचं. ॲपमधला इफेक्ट हे न कळता मोडतो.

साधनं आज तोकडी नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला ‘बलू’सारखा जाड, गोलसर फॉन्ट सर्वांना मोफत मिळतो. रंगाची छटा फिरवायला लागणारी रुंदी त्याच्या अंगात आहे. २०२४पासून ॲपलच्या स्विफ्टयूआय या ॲप बनवण्याच्या साधनात अक्षरं जुळून, ओळ लागून झाल्यावर त्या तयार ओळीवर इफेक्ट चढवण्याची सोय आली आहे. जोडाक्षरांच्या लिपीला हवा तो क्रम हाच: आधी जुळणी, मग नटवणं. व्हिडिओखाली शब्दाशब्दाने उजळणारा मजकूर मराठीत छान चालतो, कारण तिथे हलतो तो सबंध शब्द. गाण्याच्या ओळीवर डावीकडून रंग सरकवत नेणारे मात्र ‘कि’ची वेलांटी क च्या आधी रंगवतात आणि गाणारा गोंधळतो. तिथे अक्षर एकदम उजळायला हवं.

आणि आपल्या लिपीतून जन्मलेले इफेक्ट का नसावेत? शाळेत आपण आधी अक्षरं काढली आणि शेवटी पट्टी धरून वरची रेघ ओढली. पडद्यावरही शब्द तसाच उमटू शकतो. शब्द शिरोरेषेला धरून तोरणासारखा झुलू शकतो. या हालचाली रोमनला सुचणार नाहीत, कारण तिथे वर रेघच नाही. पण मी पाहिलेल्या इफेक्टच्या तयार संग्रहांत यातलं काही भेटलं नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पत्रिका मी दुसऱ्यांदा केली. ॲपमधला इफेक्ट काढला आणि नावाच्या चार चित्रचौकटी स्वतः करून एकामागे एक लावल्या. पहिल्या चौकटीत श्रद्धा, सगळी अक्षरं जुळलेली, पण डोक्यावर रेघ नाही. मग रेघ डावीकडून निघते, श्र वरून द्धा वर जाते आणि थोडी पुढे येऊन थांबते. ताईने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि गावाकडच्या ग्रुपवर पाठवून दिला.