श्रद्धेचे मूळ आणि श्रद्धेचे फळ

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 'तिमिरातुनी तेजाकडे' या ग्रंथाची व त्यामागील चळवळीची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. धर्मनिष्ठांना ती धर्मविरोधी वाटते, तर निरीश्वरवाद्यांना अपुरी. या दोन्ही आक्षेपांपलीकडे एक तात्त्विक प्रश्न उरतो. श्रद्धेची परीक्षा तिच्या फळावरून करावयाची की मुळावरून? पाली वाङ्मयाच्या आधारे आम्ही या प्रश्नाचा येथे विचार करीत आहोत.

साताऱ्याच्या या डॉक्टरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. शोषण व फसवणूक करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी नाते अशी तिची चतुःसूत्री होय. डॉ. श्रीराम लागू यांनी परमेश्वराची कल्पना उघडपणे नाकारली. दाभोलकरांनी मात्र देवाधर्माविषयी समितीची भूमिका तटस्थ ठेवली. संविधानाने उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि कायद्याला कृतीवरच बोट ठेवता येते, मनातील समजुतीवर नव्हे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला, तोही याच मर्यादेत. ही मर्यादा त्यांनी विचारपूर्वक स्वीकारली होती. तिला भीरुता म्हणणे अन्यायाचे होईल.

या भूमिकेला धम्मात आधार आहे. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात तथागत कालामांना परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथप्रामाण्य वा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काही स्वीकारू नका असे सांगतात. हा अर्धा भाग आपल्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येतो. उरलेला अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. जे अकुशल आहे, सुज्ञांनी निंदिलेले आहे, अहितास व दुःखास कारण होते, ते सोडा, असा तो उपदेश आहे. म्हणजे येथे कसोटी फळाची आहे. शोषणावर बोट ठेवणारे दाभोलकर या कसोटीच्या अगदी जवळ आहेत.

परंतु मज्झिम निकायातील चंकी सुत्त याहून पुढे जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, पण कोणीच स्वतः न पाहिलेल्या ज्ञानाची तुलना तेथे एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेशी केली आहे. अशा श्रद्धेला 'अमूलिका', निर्मूळ, म्हटले आहे. वीमंसक सुत्तातील 'आकारवती सद्धा' ही तिच्या विरुद्ध, परीक्षणातून रुजलेली श्रद्धा होय. या दृष्टीने निरुपद्रवी दिसणारी समजूतही तपासणीतून सुटत नाही. दाभोलकरांच्या मांडणीत वैज्ञानिक दृष्टिकोनाचे सूत्र आहे, हे खरे. पण संघर्षाचा भर शोषणावर असल्याने ज्या समजुतीत शोषक दिसत नाही, ती मागे राहते.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. पाचगणीचे उदाहरण पाहू. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. डोंगरावरची हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच त्या काळी जगभर क्षयावरील मान्य उपचार होता. त्यात कोणी भोंदू नव्हता, कोणाचे शोषण नव्हते, आणि अनेकांना तेथे आधार मिळाला. औषधे आल्यावरही आरोग्यधामावाचून गुण येणार नाही, ही समजूत टिकली. मद्रास येथे रोग्यांचे दोन गट करून एकास घरी व दुसऱ्यास आरोग्यधामात तीच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या घरांत राहणारे गरीब रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका पोहोचला नव्हता. आरोग्यधामात जाणे न परवडणाऱ्यास उपचार नाही, असा त्या निर्दोष समजुतीचा अर्थ होता. मुळाची तपासणी झाली तेव्हाच तिचे फळ दिसले. विशेष हे की ही तपासणी वैद्यकाने स्वतःच्याच श्रद्धेची केली. विज्ञानही चुकते, परंतु आपली चूक शोधण्याची रीत ते स्वतःजवळ बाळगते. धर्मश्रद्धेशी त्याचा संघर्ष होतो तो याच ठिकाणी.

हा निकष आपल्यालाही चुकत नाही. परित्राणाचा धागा बांधल्याने संकट टळते, किंवा आधुनिक विज्ञानाचा प्रत्येक शोध तथागतांनी आधीच सांगितला होता, असे मानणारे उपासक आपल्यात आहेत. त्यात कोणाचे नुकसान, असा प्रश्न ते करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म यांच्या रूढ अर्थांनाही प्रश्न विचारले. ते कोणाचे तत्काळ नुकसान होत होते म्हणून नव्हे.

दाभोलकरांचे कार्य फळापासून सुरू झाले, कारण पीडित माणूस समोर उभा होता. तो क्रम योग्यच होता. मुळाचे काम मात्र कायदा करू शकणार नाही. ते विहारांतील अभ्यासवर्गांनी आपल्याच समजुतींपासून हाती घ्यावे, असे आमचे मत आहे.